एकाच भाकरीवर चार अलंकार

ताई, तुम्ही विचारलंय की दहावीची मुलं अलंकारांच्या व्याख्या घडाघडा म्हणतात, पण नवी ओळ दिली की उपमा आणि उत्प्रेक्षेत गडबडतात. त्याचं मूळ 'खुणेचे शब्द' पाठ करून घेण्यात आहे, असं मला मनापासून वाटतं. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा. मग 'आजही कालच्यासारखाच पाऊस पडला' या वाक्यालाही मुलं बिनधास्त उपमा म्हणतात! आजच्या पावसाची कालच्या पावसाशी नुसती सरळ तुलना केली, तर त्यात अलंकार कुठला?

मी फळ्यावर एक भाकरी काढते. 'भाकरी चंद्रासारखी गोल' ही उपमा. यात उपमेय (जिची तुलना करायची ती भाकरी), उपमान (ज्याच्याशी करायची तो चंद्र), साधर्म्य दाखवणारा शब्द ('सारखी') आणि समान गुण (गोलपणा) असं चारही हाताला लागतं. 'भाकरी म्हणजे जणू चंद्रच' म्हटलं की उत्प्रेक्षा. 'ताटात भाकरीचा चंद्र उगवला' हे रूपक, इथे दोन्ही एकच झाले. आणि 'ही भाकरी नव्हे, हा तर चंद्र' म्हटलं की अपन्हुती, कारण उपमेयच नाकारलं. वस्तू तीच, फक्त म्हणणाऱ्याची खात्री वाढत जाते. हे एकदा कळलं की मुलं स्वतःच पुढे जातात. 'चंद्रावर डाग आहेत, माझ्या आईच्या भाकरीवर नाहीत,' असं एक मुलगी म्हणाली तेव्हा व्यतिरेक, म्हणजे उपमेय उपमानापेक्षा सरस ठरवणं, शिकवायची गरजच उरली नाही.

अनुप्रासासाठी, म्हणजे एकच अक्षर पुन्हा पुन्हा येऊन साधणाऱ्या नादासाठी, मात्र वही बंद. 'चटईला टाचणी टोचली' वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. तो कानाचा अलंकार आहे.