मदत हवी आहे: रात्री मऊ, पण चवीचं काय करू?

सासूबाईंचे दात काढलेत, कवळी बसायला अजून वेळ आहे. दुपारी वरणभात चालतो, प्रश्न रात्रीचा. त्या सोलापूरकडच्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेल्या. रोजची मुगाची खिचडी त्यांना नकोशी झालीय. ताकातली तांदळाची उकड, वरून लसणाची फोडणी, ही मात्र आवडीने खाल्ली. ज्वारीच्या कण्याही चालल्या. गरम आमटीत भाकरी कुस्करून दिली की पोट भरतं, पण तिखट हिरड्यांना झोंबतं. तिखट न घालता आमटीला चव कशाने आणू? डाळ किंवा अंडं पोटात जाईल असे मऊ पदार्थ कोणते? सगळ्यांना एकच स्वयंपाक पुरला तर फार बरं. मला कामावरून यायलाच आठ वाजतात.