'सूड', 'वचपा' की 'जाच'? क्रुक्सच्या वागण्याला नेमकं काय म्हणावं

जॉन स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन'मधल्या (१९३७) क्रुक्सबद्दल लिहिताना 'तो लेनीवर सूड उगवतो' असं चटकन लिहिलं जातं. मला तो शब्द तिथे पटत नाही.

क्रुक्स हा कॅलिफोर्नियातल्या एका मळ्यावरचा काळा मोतद्दार, पाठीत वाकलेला. गोरे गडी एकत्र झोपतात, पत्ते खेळतात. याला तिथे मज्जाव. खोगीर-लगाम ठेवायच्या खोलीत तो एकटा राहतो. शनिवारी रात्री बाकीचे गावात गेलेले असताना लेनी दाराशी येतो. अंगात प्रचंड ताकद, समज लहान मुलाची. क्रुक्स त्याला हळूहळू टोचू लागतो: तुला सांभाळणारा तुझा सोबती जॉर्ज परत आलाच नाही तर? लेनी कासावीस होतो आणि क्रुक्सचा चेहरा खुलतो.

सूड म्हटलं की आधीचं काही देणं लागतं. वचपा, उट्टं यांचंही तेच. एमिली ब्राँटेच्या 'वदरिंग हाइट्स'मधला (१८४७) हीथक्लिफ हिंडलीच्या मुलाला अडाणी आणि रांगडा ठेवतो, तो खराखुरा सूड. हिंडलीनं हीथक्लिफचं लहानपणी तेच केलं होतं. बापाचं उट्टं मुलावर निघालं, तरी खातं एकच. लेनीनं क्रुक्सचं काय बिघडवलं होतं?

'वड्याचं तेल वांग्यावर' बरंच जवळ येतं. पण त्यात रागाचा भडका असतो, आणि क्रुक्स भडकलेला नाही. आपल्या शब्दानं कुणीतरी घाबरतंय, हेच त्याला गोड लागतंय. ही गोडी त्या म्हणीत येत नाही.

म्हणून मी 'जाच' निवडेन. सासुरवासाच्या बोलण्यात हा शब्द मुरलेला आहे. जाच सोसलेली सून पुढे सासू होऊन जाच करते, तेव्हा नव्या सुनेचा अपराध काहीच नसतो. जिनं छळलं ती तर कित्येकदा हयातही नसते. हिशेब चुकता होणार कसा? आपल्या हाताखाली कुणीतरी आलंय, एवढं जाचाला पुरतं. क्रुक्सचं दुखणं मला इथेच सापडतं.

जाच दीर्घकाळ चालतो आणि हा प्रसंग काही मिनिटांचा, हा आक्षेप रास्त आहे. वाक्यात क्रियापद 'छळतो' ठेवलं तरी माझी हरकत नाही. 'सूड' मात्र नको.

पुढे मळ्याच्या मालकाचा मुलगा कर्ली, त्याची बायको त्या खोलीत येते. कादंबरीभर तिला स्वतःचं नाव नाही, तिच्याशी धड बोलायलाही कुणी नाही. क्रुक्स तिला बाहेर जायला सांगतो, तशी ती त्याला झाडाला टांगवण्याची धमकी देते. तिच्या बाबतीत 'जाच' अपुरा पडेल, 'धाक' म्हणावं लागेल: त्या काळच्या अमेरिकेत काळ्या माणसाचा जीव घ्यायला गोऱ्या बाईचा नुसता आरोप पुरत असे, आणि हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक आहे.