मदत हवी आहे: थंडीत चिलापीसाठी गळ टाकताना जागा किती वेळाने बदलावी?

नमस्कार.

मी साताऱ्याचा असून गेली तीन वर्षे बहुतेक रविवारी कण्हेर धरणाच्या जलाशयावर, ज्यांच्याकडे मासेमारीचा ठेका आहे त्या संस्थेच्या परवानगीने, काठावरून गळ टाकतो. मला हवी असते ती मुख्यतः चिलापी. दिवाळीपर्यंत फारशी अडचण येत नाही; मात्र मार्गशीर्ष-पौषात थंडी वाढली की एका जागी किती वेळ थांबावे आणि कधी उठावे हे मला नीट ठरवता येत नाही. त्यात यंदा दोन जाणत्या माणसांनी एकमेकांच्या अगदी उलट सल्ले दिले आहेत.

पहिले माझे चुलते. तात्यांनी वेण्णेवर आणि संगम माहुलीला कृष्णेवर उभे आयुष्य गळ टाकला आहे. त्यांच्या मते सकाळी एक जागा धरावी, शेंगदाण्याची पेंड भिजवून तिचे चार-पाच गोळे गळाच्या आसपास सोडावेत आणि दुपारपर्यंत तिथून हलू नये, कारण जागा सोडली की टाकलेली पेंड दुसऱ्याच्या कामाला येते.

दुसरा माझा भाचा. तो नोकरीसाठी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो आणि तिथल्या गोठलेल्या तळ्यांवर बर्फाला भोके पाडून ब्लूगिल व क्रॅपी हे आपल्या चिलापीएवढेच लहान, चपटे मासे धरायला शिकला आहे. बर्फ किमान ४ इंच जाड आणि घट्ट असल्याशिवाय त्यावर पाऊल टाकायचे नाही हा तिथला पहिला नियम. त्यानंतरचा त्याचा नियम असा, की सुरुवातीलाच आठ-दहा भोके पाडून ठेवावीत आणि दहा-पंधरा मिनिटांत मासा टोचला नाही तर पुढच्या भोकाकडे जावे. जागा सोडण्याआधी दोरा वर-खाली करून खोली बदलून पाहावी, असेही तो सांगतो, कारण क्रॅपी पुष्कळदा तळाशी नसून मधल्याच पाण्यात थांबलेली असते.

त्याच्या नियमामागचे कारण मला पटते. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे बर्फाखाली तळाशी साधारण तेवढेच तापमान राहते, आणि अशा गारठ्यात मासा आमिषासाठी लांब येत नाही. म्हणून माणसानेच माशाकडे जायचे. पण कण्हेरचे पाणी कितीही गार झाले तरी तेवढे गार होत नाही. उलट चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला, उबेत वाढणारा मासा आहे (आपल्याकडे तो १९५२ साली आणला गेला), त्यामुळे बर्फाखालच्या माशाला न जाणवणारी आपली थंडी तिला जाणवत असणार. तेव्हा तो नियम इथे जसाच्या तसा लावावा की त्यातली वेळ वाढवावी, हा माझा मूळ प्रश्न आहे.

गेल्या रविवारी मी आणि तात्या सात वाजता पोहोचलो. ते नेहमीच्या खडकाजवळ बसले आणि मी शेजारच्या वळणावर दर पंधरा मिनिटांनी जागा बदलत गेलो. साडेदहापर्यंत बऱ्याच जागा झाल्या आणि तळहाताएवढ्या दोन चिलाप्या मिळाल्या. तात्यांना तोवर एकही लागली नव्हती, परंतु काठालगतच्या उथळ पाण्यावर ऊन आल्यानंतर साडेबारापर्यंत त्यांनी त्याच जागी सात काढल्या. यात पेंडीचा वाटा किती, उन्हाचा किती आणि थांबण्याचा किती, हे मला वेगळे काढता येत नाही. त्याआधीच्या रविवारी तर मीही पाच तास एकाच जागी बसलो होतो आणि रिकाम्या हाताने परतलो. नंतर काठीने खोली मोजली तेव्हा लक्षात आले, की कालव्याला पाणी सुटल्यामुळे जिथे महिन्यापूर्वी पाच फूट पाणी होते तिथे आता जेमतेम अडीच फूट उरले होते.

आणखी एक गोष्ट मला नेहमी अडवते. तंगुसाला (गळाच्या दोऱ्याला) बांधलेली, पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी दोनदा थरथरते, किंचित कलते आणि पुन्हा सरळ उभी राहते. चिलापी खरोखर आमिष घेते तेव्हा काडी तिरकी होऊन बाजूला सरकत जाते, हे मी ओळखतो. पण हे नुसते थरथरणे तासभर चालते आणि गळ वर काढला की गांडुळाचे शेपूट तेवढे कुरतडलेले दिसते. लहान मासेच असतील तर उठणे बरे, पण थंडीने मंदावलेली मोठी चिलापीही असेच टोचत असेल तर उठणे चुकीचे ठरेल.

म्हणून ज्यांनी कण्हेर, उरमोडी, धोम किंवा सांगलीकडे कृष्णेवर हिवाळ्यात चिलापी धरली आहे त्यांना विनंती आहे, की पेंड टाकल्यावर आपण किती वेळ वाट पाहता आणि सकाळच्या गारठ्यात व दुपारच्या उन्हात तो वेळ वेगवेगळा ठेवता का, हे सांगावे. जागा बदलताना दहा-वीस पावले सरकणे पुरते, की सरळ दुसऱ्या खोलीचे पाणी गाठावे लागते? आणि नुसती काडी थरथरत असेल तर आपण आधी गळ लहान करता, खोली बदलता की जागाच सोडता?

माझ्याकडे बारा फुटी बांबूची काठी, बारीक तंगूस, एक शिशाची गोळी आणि लहान गळ एवढेच साहित्य आहे. आमिष म्हणून गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो. येत्या रविवारी तात्यांच्या शेजारीच, तेवढ्याच खोलीवर, पण पेंड न टाकता बसणार आहे. त्याआधी कोणाचे उत्तर आले तर त्याप्रमाणे बदल करीन आणि काय झाले ते इथेच कळवीन.