अनुभव धागा : दारात आलेले मिशनरी आणि त्यांची स्पॅनिश

मेसा, ॲरिझोना (धागा काढणारी)

आमच्या मजल्यावर सहा घरं. एक आमचं, बाकी मेक्सिकोची आणि ग्वातेमालाची. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी दार वाजलं. बाहेर दोन पोरं, पांढरे शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी. पट्टीवर ‘एल्डर’ आणि पुढे आडनाव. एल्डर म्हणजे ज्येष्ठ, आणि याला अजून धड मिसरूडही फुटलेलं नव्हतं. मला वाटलं सोलर पॅनेल विकणारे. ‘नको नको’ करून दार लावून घेतलं.

मॉर्मन चर्चची ही मुलं, हे नंतर कळलं. मुलगे १८ पूर्ण झाल्यावर दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष (आधी १९ नंतर, २०२५ च्या शेवटापासून त्याही १८ नंतर). खर्च घरचा, गाव चर्च ठरवेल ते, आणि कायम जोडीने राहायचं. आमच्याकडचा उंच पोरगा आयडाहोतल्या बटाटेवाल्यांच्या घरातला. यूटातल्या प्रोव्होच्या केंद्रात काही आठवडे स्पॅनिश घोटवून त्याला इथे धाडलेलं. व्याकरण चोख, पण बोलायला लागला की बातम्या दिल्यासारखा.

शेजारच्या सेन्योरा ग्वातेमालाच्या डोंगरातल्या, वेवेतेनांगोकडच्या. त्या त्याला ‘गुरुवारी सहाला या’ म्हणायच्या, आणि गुरुवारी सहाला दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी भेटल्या की सुरुवात ठरलेली, ‘फीहेसे के...’. पोरगा रडकुंडीला आला. मी शाळेच्या कॅफेटेरियात काम करते, त्यामुळे मला कामापुरतं स्पॅनिश येतं. एकदा जिन्यात त्याने मलाच विचारलं, ‘या शब्दाचा अर्थ काय?’ आता काय सांगणार! आपल्याकडे ‘अहो, त्याचं काय झालं...’ म्हणतात, अगदी तेच. एवढं कानावर पडलं की काम झालेलं नाही हे समजायचं. पुढची गोष्ट फक्त माणुसकी म्हणून ऐकायची.

नंतर त्याने वेळ ठरवून येणं सोडलं. शनिवारी येऊन धान्याची पोती चढवून द्यायचा, सोफा हलवायचा, मग स्वयंपाकघरात बसून तोर्तिया, म्हणजे त्यांच्या मक्याच्या भाकऱ्या, थापायचा. त्याच्या तोर्तिया म्हणजे नकाशे. मॉर्मनांना चहा-कॉफी वर्ज्य, त्यामुळे ‘कॉफी नको’ ऐकून सेन्योरांचा चेहरा पडायचा. पाहुणा आपल्या घरचं काही घेत नाही म्हणजे काय! मग त्यांनी त्याच्यासाठी हमायकाच्या लाल फुलांचं आंबट सरबत सुरू केलं. मी एकदा कोकम सरबत दिलं, तर घोट घेऊन म्हणतो, ‘हमायका?’

त्याला खरा धक्का बसला तो सेन्योरांच्या सासऱ्यांमुळे. ते स्पॅनिश जेमतेम बोलायचे, घरात सगळं माम भाषेत, म्हणजे तिथल्या मूळच्या माया लोकांच्या एका भाषेत. एवढी मेहनत करून शिकलेली भाषा या म्हाताऱ्याला परकीच! तेव्हापासून खिशातल्या वहीत रोज दोन-तीन माम शब्द उतरवायचा, चुकीचे उच्चारायचा, आणि आजोबा पोट धरून हसायचे. धर्माचं बोलणं त्या घरात कितपत पोहोचलं ते मला ठाऊक नाही. हसणं मात्र भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

तुमच्याकडे असं कुणी आहे का? मिशनरीच हवा असं नाही. लॅटिनो वस्तीत ‘सेवा’ करायला गेलेला आणि तिथलाच झालेला कुणीही. लिहा.

साल्ट लेक सिटीजवळून

माझं छोटंसंच. इथल्या ऑफिसात निम्मे सहकारी असे ‘मिशन करून आलेले’. आमच्या टीममधला एकजण लॉस एंजेलिसच्या स्पॅनिश वस्त्यांत दोन वर्षं होता. रात्री सफाईला येणाऱ्या बाईंशी तो उभ्याउभ्या पंधरा मिनिटं गप्पा मारतो. एकदा म्हणाला, ‘त्यांच्या मुलीची किन्सेआन्येरा आहे, मी जाणार आहे, येतोस?’ मुलगी पंधराची झाली की करतात तो सोहळा. मी तीन वर्षं त्याच मजल्यावर बसतोय. त्या बाईंना मुलगी आहे हे सोडा, त्यांचं नावही मला माहीत नव्हतं. गेलो, पोटभर जेवलो. नाव आता माहीत आहे.

कोचेला खोरं, कॅलिफोर्निया (मूळचा वसईचा)

धागाकर्त्या ताई, तुम्ही दाराच्या आतून लिहिलंत, मी बाहेरून लिहितो. मी धर्मगुरू आहे, कॅथलिक. आलो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो.

कोचेला म्हटलं की लोकांना संगीत महोत्सव आठवतो. आमचं धर्मग्राम त्याच्या दुसऱ्या टोकाला: खजुराच्या बागा, द्राक्षाचे मळे, भोपळी मिरची आणि ट्रेलरच्या वस्त्या. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, त्यामुळे मजूर पहाटे अंधारात कामाला लागतात. मी वाडीतल्या घरातला. बाबा पहाटे भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईची गाडी पकडायचे. त्यामुळे मळ्यात मला परकं वाटलं नाही. परकं वाटलं ते चर्चमध्ये.

पहिल्या महिन्यात प्रवचनाच्या सुरुवातीला मला म्हणायचं होतं, ‘मी आज जरा दमलोय.’ दमलेला म्हणजे कान्सादो. मी म्हणालो, ‘कासादो’. म्हणजे विवाहित! मागच्या बाकावरून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, ‘अभिनंदन, पाद्रेसितो!’ अख्खं चर्च हसलं. पुढल्याच रविवारी पोपसाहेबांना ‘एल पापा’ म्हणायच्या ऐवजी ‘ला पापा’ म्हणून त्यांचा बटाटा केला. तेव्हापासून लोक मला घरी बोलवायला लागले. चुकणारा फादर त्यांना बरा वाटला असावा.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्यांची बरीच भक्ती पसरट वाटायची. सेमिनरीत नीटनेटकी उपासना शिकून आलेलो. इथे १२ डिसेंबरला ग्वादालूपेच्या मारियामातेचा सण, आणि पहाटे चारला मारियाच्ची, म्हणजे मेक्सिकन वाजंत्री, हजर. मूर्तीपुढे मान्यानितास गातात, म्हणजे वाढदिवसाला झोपलेल्या माणसाला उठवायचं गाणं. देवाच्या आईला गाणं म्हणून झोपेतून उठवायचं! मनात कपाळाला हात लावला, आणि तसाच थबकलो. काकड आरती ऐकत लहानाचा मोठा झालो, आमच्या वाडीपलीकडेच देऊळ होतं. तिथे मला कधी विचित्र वाटलं नव्हतं.

मग मात्लाचिनेस आले, म्हणजे नवसाचे नाचणारे. कमरेच्या घागऱ्याला वेताच्या कांड्यांच्या ओळी शिवलेल्या, पाऊल पडलं की शंभर कांड्या एकदम वाजतात. शाळेतल्या लेझमीच्या तासाची आठवण झाली. तिसऱ्या वर्षी त्यांनी मलाही नाचायला उभं केलं. गुडघा आठवडाभर दुखत होता.

आणि ‘मेक्सिकन’ म्हणून सगळे एक, हेही डोक्यातून गेलं. इथे मिचोआकानकडचे पुरेपेचा लोक पुष्कळ, त्यांची भाषा वेगळी. तरुण पोरं ती बोलायला लाजतात. आमच्याकडे सामवेदी बोलीचं तेच. मी त्यांना सांगितलं, मीसुद्धा शाळेत घरची भाषा लपवायचो. एक मुलगा म्हणाला, ‘मग आता बोलून दाखवा.’ बोललो. अर्थात कुणाला काही कळलं नाही, पण मग तोही त्याच्या आजीसारखा बोलून दाखवायला लागला.

गेल्या वर्षाबद्दल थोडक्यात लिहितो. २०२५ च्या जानेवारीत चर्चसारख्या ठिकाणी इमिग्रेशनची धरपकड टाळण्याचा जुना सरकारी नियम गेला. जुलैमध्ये सॅन बर्नार्डिनोचे बिशप रोहास यांनी, ज्यांना घराबाहेर पडायची भीती वाटते त्यांना रविवारच्या मिस्साच्या बंधनातून सूट दिली. ते स्वतः मेक्सिकोत जन्मलेले. एरवी लोक मिस्साला का येत नाहीत म्हणून आम्ही कुरकुरतो. त्या उन्हाळ्यात बाकं रिकामी होती आणि मी परमप्रसाद घेऊन ट्रेलर-ट्रेलर हिंडत होतो. दार उघडण्याआधी आतून पडदा हलायचा. मग ‘आ, पाद्रेसितो!’ आणि आधी जेवायला बसवायचे. पुढे मी नेहमी मोकळ्या पोटीच निघायला लागलो.

पुणे

सगळं गोड चाललंय म्हणून एक खडा टाकतो. मिशनरी तोर्तिया थापतो, भाषा शिकतो, ते कशासाठी? माणसं आपल्या चर्चमध्ये यावीत म्हणूनच ना? मी ह्यूस्टनला चार वर्षं होतो. खालच्या मजल्यावरच्या होन्डुरासच्या कुटुंबातला थोरला मुलगा नव्या पंथात गेला आणि त्याने आईच्या देव्हाऱ्यातली मारियाची तसबीर काढायला लावली. आई दोन दिवस जेवली नाही. ज्याने त्याला नेलं तो पोरगाही फार गोड होता, उत्तम स्पॅनिश बोलायचा आणि आईंच्या हातच्या बालेयादा आवडीने खायचा. वसईच्या फादरांबद्दल नाही म्हणत. त्यांचे लोक आधीपासून त्यांच्याच धर्माचे.

ठाणे

पुणेकरांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. मी समाजकार्याच्या कॉलेजात असताना सरांनी इव्हान इलिच यांचं भाषण वाचायला दिलं होतं. हा माणूस १९५१ मध्ये पंचविशीत न्यूयॉर्कला आला आणि वॉशिंग्टन हाइट्समधल्या चर्चमध्ये धर्मगुरू म्हणून रुजू झाला. तिथे पोर्तो रिकोहून माणसं लोटत होती. ती १९१७ पासून कायद्याने अमेरिकन नागरिक, वागणूक मात्र उपऱ्याची. इलिच त्यांची स्पॅनिश शिकला, त्यांच्या बेटावर जाऊन पायी हिंडला. त्याच इलिचने १९६८ मध्ये मेक्सिकोत, सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं: बघायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. हे वाचून मी मेळघाटच्या शिबिराला गेलो. दहा दिवसांत कोरकूचे सहा शब्द शिकलो आणि शौचालयांवर चार भाषणं दिली. तेव्हा कुणाला काय बोलणार.

आणि पुणेकर, आपले थॉमस स्टीफन्स, ते इंग्रज पाद्री, तेही धर्म द्यायलाच गोव्यात आले होते, १५७९ मध्ये. १६१६ ला त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही मराठी ओवीत. हेतू काय होता ते स्पष्टच आहे, आणि ओवी चोख आहे. दोन्ही खरं.

क्वीन्स, न्यूयॉर्क (मूळ म्हापसा)

विषयाला जरा सोडून. मी हॉटेलच्या किचनमध्ये आहे, सगळे इक्वादोरचे आणि मेक्सिकोतल्या पुएब्लाचे. पहिल्या दिवशी मला चार शब्द, उच्चाराचा फरक सोडला तर, आधीच येत होते: पगार (त्यांच्याकडे पैसे देणे), बालदी, साबण, चावी. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. म्हटलं, बाबांनो, पोर्तुगीज आमच्याकडे साडेचारशे वर्षं बसले होते, काहीतरी ठेवून जाणारच. तेव्हापासून मला ‘प्रिमो’ म्हणतात, म्हणजे चुलतभाऊ.

मेसा (धागाकर्ती)

पुणेकर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सेन्योरांनी चर्च बदललं नाही. मारियाची तसबीर होती तिथेच आहे, खाली चर्चचं कॅलेंडर. एल्डरची बदली दुसऱ्या भागात झाली आणि नंतर तो मिशन संपवून आयडाहोला परतला. जाताना आजोबांना ती शब्दांची वही दाखवायला आला होता. आजोबांनी चष्मा लावून एकेक चूक पेनाने दुरुस्त केली. चाळीस मिनिटं लागली. त्याचा जोडीदार दारात घड्याळ बघत उभा होता.

गेल्या महिन्यात सेन्योरांच्या नातीची किन्सेआन्येरा झाली. त्याला सहा महिने आधी सांगून ठेवलं होतं, आणि त्यानेही शब्द दिला होता. आदल्या रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच तामालेसची (पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ) पानं भिजवत बसले होते. फोन स्पीकरवर होता. पलीकडून जरा खाकरल्याचा आवाज, आणि मग अगदी वेवेतेनांगोच्या हेलात, ‘फीहेसे के, सेन्योरा...’

सेन्योरांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. आमच्याकडे बघून म्हणाल्या, ‘त्याचं ताट कमी करा.’