पहाटे पाचची टेस्ट: ऑस्ट्रेलियात मॅच असली की तुमच्या घरी कोण उठायचं?

परळची लेक:
आमची परळची खोली रिडेव्हलपमेंटला गेली, महिनाअखेर किल्ली द्यायचीय. परवा आईचं लाकडी कपाट रिकामं करत होते तर दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं, इतकी वर्षं साड्यांच्या आड होतं त्यामुळे कोणाच्या लक्षातच नाही. बाबांचं अक्षर, बारीक, उजवीकडे कललेलं. "ॲडलेड. पाँटिंग 242. आपले 85 ला 4." त्याच्या खाली "द्रविड 233, लक्ष्मण 148." मग "आगरकर 6." आणि सगळ्यात खाली पेन्सिल दाबून, "16 डिसेंबर 2003. जिंकलो." मी तिथेच खाली बसले.

आमच्याकडे पाणी साडेचारला यायचं. बाबा पिंप भरायचे, हंडे कळशा भरायचे, आणि मग चहा टाकून टीव्ही लावायचे. आवाज एकदम बंद, कारण खोली एकच आणि आम्ही तिघं भावंडं तिथेच खाली झोपलेली. मी जागी असायचे पण डोळे मिटून. गोधडीच्या फटीतून टीव्हीचा उजेड भिंतीवर हलताना दिसायचा आणि बाबांच्या श्वासावरून कळायचं काय झालं ते. चौकार गेला की नाकातून हुं. विकेट पडली की काहीच नाही, एकदम शांत, मग बशीत चहा ओतल्याचा आवाज.

ऑस्ट्रेलियाने साडेपाचशेच्या वर केलेले, आपले चार गेलेले, तरी बाबा दुसऱ्या दिवशी उठलेच. आई म्हणाली कशाला उठता, हरणारच. तर म्हणाले द्रविड आहे अजून. मग ती 303 ची पार्टनरशिप. त्याने गिलेस्पीला सिक्स मारून सेंच्युरी केली तेव्हा बाबांच्या तोंडून आवाज निघाला आणि आम्ही तिघं एकदम उठून बसलो, तिघंही जागेच होतो!

दारावर शेवटची ओळ पर्थची आहे, जानेवारी 2008. त्याच पावसाळ्यात बाबा गेले. तुमच्या घरी कोण उठायचं ते लिहा ना. वाचावंसं वाटतंय.

डोंबिवली स्लो:
ताई ते दार सोडू नका. बाकी नंतर लिहितो, गाडी आली

पार्कातला काका:
आमचा थोरला भाऊ. 1981. टीव्ही नाही, शॉर्टवेव्हवर ऑस्ट्रेलियाचं स्टेशन पकडायचं, त्यासाठी तांब्याची तार खिडकीच्या गजाला बांधलेली असायची आणि एकाने ती हातात धरून उभं राहायचं, तो मी. आवाज समुद्रासारखा यायचा, जायचा. नेमकी विकेट पडली की आवाज जाणार, नुसता लोकांचा गलका ऐकू यायचा, आउट कोण हे कळायला पुढची ओव्हर लागायची. आपल्या शिवाजी पार्कातल्या संदीप पाटीलला सिडनीला पास्कोचा बॉल डोक्याला लागला, तो पडला, आणि आमच्याकडे आवाजच गेला. दादा तार हलवतोय, मी रडकुंडीला आलेला, आमच्यासाठी तो टीव्हीवरचा प्लेअर नव्हता हो, संध्याकाळी मैदानात दिसणारा माणूस होता. आणि पुढच्याच टेस्टला ॲडलेडला त्याने 174 मारले. त्यादिवशी दादाने माझ्या हातून तार घेतली आणि म्हणाला तू बस, मी धरतो.

मग मेलबर्न. त्यांना फक्त 143 हवे होते. कपिलची मांडी दुखावलेली, तो बॉलिंग टाकेल की नाही तेच माहीत नाही, दोशी मोडक्या पायाने टाकतोय. 83 ला खलास! कपिल 5 विकेट. दादा आता अमेरिकेत मुलाकडे असतो, मॅच असली की अजून मलाच फोन करतो, स्कोअर त्याला फोनवर दिसत असतो तरी.

मुलुंड पूर्व:
परळला कुठे हो? माझं माहेर लालबाग. आणि भाडं किती देतायत रिडेव्हलपमेंटवाले? आमच्या सासूबाईंच्या बिल्डिंगची पण बोलणी चाललीयेत

बोरिवलीची वैनी:
माझं लग्न डिसेंबर 2007 ला झालं. सासरे फार कमी बोलायचे, मला तर त्यांची भीतीच वाटायची. घरी माझ्या वडिलांसोबत सगळ्या मॅच बघितलेल्या पण नव्या घरात कसं सांगणार, नवी सून पहाटे पाचला हॉलमध्ये येऊन टीव्हीसमोर बसली तर काय म्हणतील. म्हणून किचनमध्ये काहीतरी करत राहायचे आणि दाराच्या आडून बघायचे. सिडनीची ती टेस्ट. सायमंड्स 30 वर होता, बॅटची कड लागली, कॅच घेतला, अख्ख्या जगाला आवाज आला आणि नॉट आउट. माझ्या तोंडून निघालं "अहो आउट आहे तो!" हातात लाटणं. सासरे वळले, बघत राहिले, मग सोफ्यावरचा पेपर उचलून जागा केली. बस म्हणाले. एवढंच.

त्याने नंतर 162 केले ते सगळ्यांना माहितीये. शेवटच्या दिवशी रविवार होता, मटण शिजलेलं, वास सुटलेला, आणि आपल्याला फक्त दोन ओव्हर काढायच्या होत्या. क्लार्कने एकाच ओव्हरमध्ये तीन घेतल्या. कुंबळे दुसऱ्या टोकाला 45 वर तसाच उभा. त्या दुपारी घरात कोणी जेवलं नाही, रात्री मटण गरम केलं तेव्हा सासरे म्हणाले आता पर्थला बघू, तू उठवशील ना मला. त्यानंतर मीच उठवायचे. शेवटपर्यंत.

लेग ग्लान्स:
वैनी 🙏 आणि पर्थला त्यांनी बघितलं ना. ईशांतने पाँटिंगला जो स्पेल टाकला तो मी कॉलेज बुडवून बघितला. कुंबळे त्याला बदलणार होता, सेहवाग म्हणाला अजून एक ओव्हर दे, आणि त्याच ओव्हरला पाँटिंग द्रविडकडे कॅच. परळच्या ताईंच्या बाबांनी नक्की बघितलं असणार ते.

परळची लेक:
हो हो! दारावर तेच आहे. "ईशांत. पाँटिंग 45." दुसरं काहीच नाही त्या दिवसाचं.
@मुलुंड पूर्व, नाक्याच्या आतल्या बाजूला. भाड्याचं मेसेज करते.

रातपाळी:
मी नर्स आहे. डिसेंबर 2020, कोविड वॉर्ड, नाइट. एक आजोबा होते गिरगावचे, तोंडाला मास्क, बोलू शकत नव्हते. आठवड्यापूर्वी आपण 36 ला ऑल आउट झालेलो, कोहली परत आलेला, शमीचा हात मोडलेला. पहाटे पाचला मी बीपी घ्यायला गेले की ते भुवया उडवायचे, म्हणजे स्कोअर. मला क्रिकेटचं तेवढं कळत नाही पण त्यांच्यासाठी फोन बघून सांगायचे. पीपीई किटच्या आतून ओरडून सांगावं लागायचं. 27 तारखेला सकाळी ड्युटी संपली तेव्हा रहाणे खेळत होता. दुसऱ्या रात्री गेले तर त्यांनी मला थांबवलं आणि बोटं दाखवली. एक. एक. दोन. मला कळेना, मी विचारतेय आजोबा पाणी हवंय का, औषध हवंय का. ते मान हलवतायत, परत एक, एक, दोन. बाजूच्या बेडवरचा मुलगा म्हणाला सिस्टर, रहाणे 112.

बरे होऊन घरी गेले ते. जाताना व्हीलचेअरवरून परत तीच बोटं दाखवली मला.

पार्कातला काका:
सिस्टर तुम्हाला साष्टांग नमस्कार.

सुगरण ठाणे:
वाचून रडले. मला क्रिकेट अजिबात कळत नाही पण आमच्याकडे भाऊ उठायचा आणि त्याच्यासाठी आदल्या संध्याकाळी बेकरीतून खारी आणून ठेवायचं काम माझं. पहाटे चहात बुडवलेल्या खारीसारखं काही नाही. आता तशी खारी मिळतच नाही, सगळी तेलकट. ठाण्यात कुठे चांगली मिळते का

मुलुंड पूर्व:
सचिनची ती मेलबर्नची 241, एकही कव्हर ड्राइव्ह न मारता! आमच्या चाळीच्या गॅलरीत टीव्ही बाहेर काढलेला

लेग ग्लान्स:
सिडनी ताई. जानेवारी 2004. स्टीव्ह वॉची शेवटची टेस्ट. ऑफ स्टंपच्या बाहेर आउट होत होता म्हणून तो शॉटच बंद करून टाकला, दहा तास. मी अजूनही काही सुटत नसलं की ती इनिंग लावतो.

मुलुंड पूर्व:
हो सिडनीच! पोळ्या करता करता लिहितेय 😄

डोंबिवली स्लो:
आता बसायला मिळालं. माझी आठवण ताजी आहे, ब्रिस्बेनचं गाबा, 19 जानेवारी 2021. लोकल तेव्हा सगळ्यांसाठी सुरू नव्हती, आम्ही बसने जायचो, शीळफाट्याला नेहमीसारखं ट्रॅफिक, दुपारी एकची वेळ, सेकंड शिफ्टवाले सगळे. माझ्या फोनवर मॅच आणि माझ्या खांद्यावर चार जणांच्या हनुवट्या, सगळ्यांचे मास्क गळ्यात. पण मागच्या सीटवरच्याचा फोन माझ्यापेक्षा पाच सेकंद पुढे होता! प्रत्येक बॉलला मागून आधी आवाज यायचा. शेवटी कोणीतरी म्हणालं दादा तुमचा बंद करा, सगळे मागे जाऊया. अख्खी बस मागच्या दोन सीटांवर. पुजारा अंगावर बॉल घेत होता तेव्हा एक मावशी होत्या भाजीची पाटी घेऊन, त्या म्हणाल्या अरे लेकराला किती लागतंय, कोणी थांबवा ना. पंतने तो शेवटचा चौकार मारला, ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला, आणि आजूबाजूच्या गाड्यांनी पण. 1988 पासून तिथे ऑस्ट्रेलियावाले टेस्ट हरले नव्हते.

आणि आमच्यासाठी कॅप्टन कोण तर रहाणे, डोंबिवलीत वाढलेला. पहिल्या डावात शार्दूलने 67 केलेले, तो पालघरचा, किट घेऊन लोकलने यायचा. त्या बसमधल्या प्रत्येकाला माहीत होतं गर्दीत बॅग सांभाळणं काय असतं ते.

लेग ग्लान्स:
पर्थ पण 19 जानेवारी. 2008.

जुना कंडक्टर:
मी 7 जानेवारी 2019 सांगतो. ऑस्ट्रेलियात आपण पहिल्यांदा टेस्ट सिरीज जिंकली. पाऊस, शेवटच्या दिवशी एक बॉल पडला नाही. पुजाराचे 521 रन. डेपोत आम्ही पेढे वाटले आणि त्याच मध्यरात्रीपासून आमचा संप सुरू झाला, नऊ दिवस. घरात ताण होता, पगाराचं काय होणार, पोरगा दहावीला. तो रोज सकाळी यूट्यूबवर पुजारा लावायचा आणि म्हणायचा पप्पा बघा, हा कसा सोडतोय.

बोरिवलीची वैनी:
दादा 🙏 मुलगा आता काय करतो?

जुना कंडक्टर:
आयटीआय केलं वैनी. कामाला लागला. जैस्वालचा भक्त आहे. मेलबर्नला 84 वर थर्ड अंपायरने आउट दिला तेव्हा दोन दिवस घरात बोलला नाही.

पार्कातला काका:
जैस्वाल आझाद मैदानात तंबूत राहून खेळलेला पोरगा. दोन दिवस म्हणजे कमीच.

परळची लेक:
सगळं वाचतेय, आईला पण वाचून दाखवलं. रहाणे 112 वर ती उठून आत गेली. एक विचारायचं होतं, कपाट नव्या जागेत मावत नाहीये, भंगारवाला बघून गेलाय. नुसतं दार काढून नेता येईल का? आणि पेन्सिल पुसत चाललीय, माझाच हात फिरून फिरून.

जुना कंडक्टर:
बिजागरीचे स्क्रू जुने असतील, गंजलेले, जोर लावू नका, आधी तेल सोडून रात्रभर ठेवा. माझे मेहुणे सुतार आहेत. पेन्सिलीवर हात लावायचा नाही आता अजिबात. पारदर्शक वॉर्निशचा स्प्रे मिळतो, आधी कोपऱ्यात करून बघा आणि मग लांबून हलका मारा, ब्रशने नको, ब्रशने अक्षर ओढलं जातं. मेसेज करा, त्यांचा नंबर देतो.

परळची लेक:
केला. मेहुणे शनिवारी येतायत. आई म्हणतेय साडेचारला पाणी येतं, त्याआधी तेल घाल.