वाळवलेल्या रक्ताचे नमुने डीएनए तपासणीसाठी दहा वर्षे कसे टिकवावेत?

इंदूरकर_संशोधिका
नमस्कार. झाबुआ आणि अलीराजपूर भागांतून सिकलसेलच्या (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) अभ्यासासाठी घेतलेले रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर वाळवून आमच्याकडे इंदूरला येतात. निदान दहा वर्षे त्यांतून डीएनए मिळत राहावा, अशी अपेक्षा आहे. उणे २० अंशांचा फ्रीझर एकच आहे आणि तोही भरत आला आहे. बाकीची कार्डे कपाटात ठेवली तर चालतील का? मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, त्याची धास्ती वाटते.

बडोदेकर
ताई, धास्ती उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्याची धरा. पूर्ण कोरड्या कागदावरचा डीएनए खोलीच्या तापमानालाही वर्षानुवर्षे टिकतो. ओलावा शिरला की मात्र बुरशी धरते आणि डीएनएचे तुकडे पडू लागतात. त्यामुळे सारी मदार वाळवण्यावर आहे. कार्ड आडवे, ठिपक्याला कशाचाही स्पर्श होणार नाही असे, सावलीत किमान चार तास आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रात्रभर ठेवावे. ठिपक्याचा लालपणा जाऊन तो सगळीकडे सारखा गडद तपकिरी दिसला, म्हणजे वाळला. घाईने पिशवीत कोंबलेले ओलसर कार्ड पुढे कोणताही फ्रीझर वाचवू शकत नाही. वाळलेले प्रत्येक कार्ड ग्लासिनच्या (गुळगुळीत, पातळ कागदाच्या) पाकिटात घालून, ती पाकिटे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रतादर्शक पट्टीसह घट्ट झिपच्या पिशवीत ठेवावीत. पट्टीचा रंग बदलला की जेल बदलायचे. हे काम कोणा एकाच्या नावावर लावून द्या, नाहीतर ते कोणीच करत नाही.

प्रयोगशाळेतला
वरील मताशी सहमत आहे, तरी फ्रीझरला कमी लेखू नये. डेन्मार्कमध्ये १९८२ पासूनची नवजात बालकांची कार्डे उणे २० अंशांतच जपली आहेत. जागा कमी असेल तर प्रत्येक व्यक्तीचे एक कार्ड फ्रीझरमध्ये आणि दुसरे कपाटात ठेवावे. फ्रीझरमधून काढलेली पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, कारण थंड कागदावर लगेच दव धरते.

इंदूरकर_संशोधिका
आभार. एका ठिपक्यातून पुरेसा डीएनए मिळतो का? आणि एफटीए कार्ड (आधीच रसायने लावलेला कागद) घेणे योग्य ठरेल का?

प्रयोगशाळेतला
ठिपक्यातून पंचने कापलेल्या ३.२ मिलिमीटरच्या एका चकतीत साधारण ३ मायक्रोलिटर रक्त असते आणि डीएनए मिळतो तो केवळ पांढऱ्या पेशींतून, म्हणजे काही डझन नॅनोग्रॅम. सिकलसेलचा दोष बीटा-ग्लोबिन जनुकातील एकाच अक्षराचा असल्याने पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीला) छोटा तुकडा पुरतो. डीएनए थोडाफार तुटला असला तरी काम होते. एफटीए कार्डातील रसायने पेशी फोडून डीएनएला जंतूंपासून राखतात, परंतु त्यांत प्रथिने बिघडतात. त्याच कार्डावर पुढे हिमोग्लोबिनची तपासणी करायची असेल, तर साधा फिल्टर पेपरच घ्यावा. रक्त नळीत घेणार असाल तर ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची नळी वापरा. त्याच कामाचे हेपारिन पीसीआरला अडथळा आणते. दोन नमुन्यांच्या मध्ये पंच कोऱ्या कागदावर मारून घ्यावा, म्हणजे आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात जात नाही.

बडोदेकर
एक राहिले. नमुने दहा वर्षे ठेवून पुन्हा वापरायचे, तर संमतीपत्रात तसा स्पष्ट उल्लेख आत्ताच हवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही साठवणूक आणि पुढील वापर यांसाठीच्या संमतीचा विचार आहे. गावोगावच्या लोकांना नंतर पुन्हा गाठणे फार अवघड जाते.