स्लीव्ह सर्जरीनंतर पहिली क्रूझ: बोट लागली तर काय करायचं?

घोडबंदर_ठाणे:

माझी स्लीव्ह सर्जरी (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकतात ती) होऊन ५ महिने झाले. वजन २६ किलोंनी उतरलंय, रिपोर्ट चांगले आहेत. जानेवारीत सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, म्हणून दिरांनी सगळ्यांचं मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग केलंय, दोन रात्रींचं. सासूबाई महिनाभर नातेवाइकांना फोन करून सांगतायत. मलाही मनापासून जायचंय.

पण मला लहानपणापासून गाडी लागते. चिपळूणला मामाकडे जाताना कशेडी घाट आला की आई हातात पिशवीच द्यायची. तेव्हा उलटी झाली की मोकळं वाटायचं. गाडी थांबली की लिंबू-सोडा, लिमलेटची गोळी, आणि पुढचा प्रवास सुरू. आता यातलं काहीच चालत नाही. सोडा बंद, गटागट पाणी पिणं बंद. सर्जरीनंतर तिसऱ्या महिन्यात पनीरचा तुकडा घाईत नीट न चावता गिळला, तर अर्धा तास नुसती लाळ आणि फेस येत होता, छातीत दगड बसल्यासारखं झालं होतं. बोटीवर तसंच तासन्‌तास झालं तर? आतल्या टाक्यांना धक्का बसेल का? गाडी लागू नये म्हणून घेतात ती अ‍ॅव्होमिन चालते का? सर्जरीनंतर कुणी बोटीने जाऊन आलंय का?

नेरूळची_बायपासवाली:

मी गेले आहे, माझ्या बायपासनंतर (हृदयाची नाही, वजनासाठीची: जठर लहान करून आतड्याला जोडतात ती) दीड वर्षाने. माझी चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही.

गोळी पर्समध्ये होती, पण 'बघू, लागली तर घेऊ' म्हणून घेतली नाही. रात्री जेवणानंतर जहाज डुलायला लागलं, मळमळ सुरू झाली, तेव्हा घेतली. वीस मिनिटांत गोळी बाहेर. मळमळ सुरू झाली की पोट पुढे सरकवायचं काम मंदावतं, त्यामुळे गोळी उपयोगीच पडत नाही. ती आधीच पोटात हवी. कोणती आणि किती, हे मात्र तुमच्या सर्जनलाच विचारा, कारण तुमची बाकीची औषधं त्यांना माहीत आहेत.

उलटीपेक्षा मला त्रास झाला तो पाण्याचा. आपल्याला एकदम ग्लासभर पिऊन भरपाई करता येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लघवी गडद पिवळी, उभं राहिलं की अंधारी. जहाजावरच्या डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, मग सावरले. म्हणून आदल्या दोन दिवसांपासूनच पाणी भरपूर ठेवा. त्रास झालाच, तर दर दोन-तीन मिनिटांनी एक घोट, चमच्याने घेतलंत तरी चालेल.

सर्जरीचा डिस्चार्ज पेपर जवळ ठेवा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सर्जरी सांगा. ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आम्हा बायपासवाल्यांना अल्सर करू शकतात, ते समोरच्याला माहीत असेलच असं नाही. आणि उलट्या काही दिवस चालल्या तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं. अशा वेळी ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी बी-१ द्यावं लागतं. दोन रात्रींत वेळ तिथवर येणार नाही, पण घरी परतूनही उलट्या थांबल्या नाहीत तर एक दिवसही घालवू नका.

चरईचा_दर्यावर्दी:

३१ वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये काढली, आता निवृत्त. सर्जरीतलं मला कळत नाही, बोटीचं सांगतो.

ताई, केबिन मध्यभागी आणि खालच्या डेकवर मागा. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर हेलकावा सगळ्यात जास्त बसतो. लोक समुद्र दिसावा म्हणून नेमकी तीच घेतात. बंद केबिनमध्ये मोबाईल बघत बसू नका. कान सांगतो आपण हलतोय, डोळे म्हणतात भिंत स्थिर आहे, या भांडणातूनच मळमळ येते. मोकळ्या डेकवर उभं राहून क्षितिजावर नजर ठेवा. आडवं व्हायचंच तर उताणं, डोळे मिटून.

नव्या खलाशांना दोन-तीन दिवसांत सवय होते. तुमची सहल तोवर संपलेली असेल, म्हणून गोळीचं नीट ठरवाच. जानेवारीत आपल्याकडचा समुद्र बहुधा शांत असतो, जून ते सप्टेंबरसारखा नसतो. सासऱ्यांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्यांना या गोळ्या परस्पर देऊ नका.

आणि आधी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) एक फेरी मारून या. तासाभराचा प्रवास, लगेच कळेल.

ऐरोली_सेक्टर_आठ:

आलेपाक किंवा आवळासुपारी तोंडात धरा. माझी आजी रत्नागिरीच्या बोटीने येताना तेच करायची.

नेरूळची_बायपासवाली:

आवळासुपारी थोडी चालेल. आलेपाक नको, त्यात निम्म्याहून जास्त साखर. माझ्यासारखीला त्याने डंपिंग होतं: घाम, धडधड, जुलाब. आल्याचा तुकडा कोमट पाण्यात टाकून घोट घोट घेतलेला बरा.

घोडबंदर_ठाणे:

सगळ्यांचे मनापासून आभार. सर्जनना भेटून आले. ५ महिन्यांनी आतली शिवण भरलेली असते, उलटीने ती उसवत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे ऐकून रडूच आलं, कारण ही भीती मी घरात कुणाला बोललेच नव्हते. पोटात जोरात दुखलं किंवा दिवसभर पाणीही टिकलं नाही, तर मात्र लगेच डॉक्टर गाठायचा.

गोळीची वेळ त्यांनी लिहून दिली आणि रविवारी आम्ही दोघं मांडव्याला गेलो. निघण्याआधी गोळी, तासभर आधी थोडी मऊ मूगडाळ, आणि जवळ लहान पेला. जाताना काहीच झालं नाही, फक्त झोप येत होती आणि तोंड कोरडं पडलं होतं. परतताना दुपारचा वारा सुटला, बोट हलायला लागली, पोटात ढवळलं. मी बाहेर जाऊन कठड्याला धरून उभी राहिले आणि कनकेश्वराचा डोंगर लहान होत जाताना बघत राहिले. भाऊचा धक्का येईपर्यंत पेल्यातलं पाणी घोट घोट करत संपवलं. उलटी झाली नाही.

दिरांनी केबिन बदलून मधली, खालची घेतलीय. सासूबाईंनी स्वतःची पण शेजारचीच मागून घेतली.